मिशनरी संस्था वाढली, पण ती हिशेब कोणाला देते?

२०१५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या सदर्न बॅप्टिस्ट मंडळ्यांच्या इंटरनॅशनल मिशन बोर्डाने जाहीर केलं की खर्च झेपत नाहीये, सहाशे ते आठशे लोक कमी करावे लागतील. पुढच्या फेब्रुवारीत खरा आकडा आला तेव्हा ९८३ मिशनरी आणि अमेरिकेतल्या ऑफिसातले १४९ कर्मचारी घरी गेले होते. साधारण ४,८०० मिशनरी होते ते सहा महिन्यांत ३,८०० च्या आसपास आले. २०१० पासून बोर्डाने मिळकतीपेक्षा २१ कोटी डॉलर जास्त खर्च केले होते, परदेशातल्या प्रॉपर्टी विकून आणि साठवलेला पैसा मोडून गाडा ओढला होता, कारण माणसं परत आणायची लाज वाटत होती आणि ती लाज मला समजते. आणि त्याच वर्षीच्या नाताळच्या अर्पणात मंडळ्यांनी सोळा कोटी डॉलरच्या वर दिले, तोपर्यंतची सगळ्यात मोठी रक्कम! म्हणजे देणारे आटले होते असंही नाही.

यात मला सगळ्यात जास्त खटकलं ते वेगळंच. स्वेच्छानिवृत्ती देऊ केली ती पन्नाशी ओलांडलेल्यांना. आता विचार करा, पन्नाशीतला मिशनरी म्हणजे कोण, तर जो वीस-पंचवीस वर्षं एका ठिकाणी राहिलाय, ज्याला तिथली भाषा स्वप्नातसुद्धा येते, ज्याच्याकडे लोक नवराबायकोची भांडणं घेऊन येतात. नेमका तोच परत. कागदावर हे बरोबर आहे, त्याचा पगार जास्त, विमा जास्त, पेन्शन जवळ आलेली. निर्णय व्हर्जिनियातल्या रिचमंडला, बोर्डाच्या मुख्य ऑफिसात झाला आणि मंडळ्यांना नीट समजावून सांगण्यात आला, म्हणजे पैसे देणाऱ्या मंडळ्यांना. ज्या मंडळ्यांमधून ही माणसं उठून जाणार होती त्यांचं मत या निर्णयात कुठेच बसत नव्हतं. त्यात कोणाचा दुष्टपणा नाही, तशी जागाच नाहीये त्या रचनेत.

माझं म्हणणं एवढंच आहे की परदेशी मिशनरींना पोसणारी संस्था वाढली असं आपण म्हणतो तेव्हा ती फक्त देणाऱ्याच्या बाजूने वाढलेली असते. देणगीदार किती, पाठवलेली माणसं किती, देश किती, बजेट किती. हे सगळे आकडे पैसे देणाऱ्याला दाखवायचे आकडे आहेत. ज्याला पाठवलं त्याला आणि ज्यांच्यात पाठवलं त्यांना संस्थेकडे हिशेब मागता येतो का, हे कोणी मोजत नाही, आणि जोवर हे मोजलं जात नाही तोवर ती वाढ मला अर्धीच वाटते. मी स्वतः अशा कामाला पैसे देतो आणि पुढेही देणार आहे, त्यामुळे हे बाहेरून मारलेले दगड समजू नका.

थोडं मागे जाऊ. २ ऑक्टोबर १७९२ ला इंग्लंडमधल्या केटरिंग नावाच्या छोट्या गावात एका विधवा बाईच्या घरी डझनभर पाळक जमले आणि त्यांनी बॅप्टिस्ट मिशनरी सोसायटी काढली. वर्गणी किती, तर १३ पौंड २ शिलिंग ६ पेन्स, आणि तीसुद्धा रोख नव्हे, नुसती कबुली. कबुलीच्या चिठ्ठ्या टाकल्या त्यांच्यातल्याच अँड्र्यू फुलर या पाळकाच्या तपकिरीच्या डबीत. पुढच्या वर्षी विल्यम केरी बंगालला निघाला, ईस्ट इंडिया कंपनी मिशनरींना परवाना देत नव्हती म्हणून डॅनिश जहाजातून. निघताना त्याने फुलर आणि बाकीच्यांना सांगितलं म्हणे की मी खाणीत उतरतो, वर दोर तुम्ही धरून ठेवा. फुलरने तो दोर खरंच धरला, १८१५ ला मरेपर्यंत सेक्रेटरी म्हणून देशभर फिरून पैसे गोळा केले, पार्लमेंटमधल्या मिशनविरोधी लोकांशी भांडला, तब्येत घालवली.

पण दोर धरणारा माणूस आणि दोर धरणारी कमिटी यात फरक असतो. फुलर गेल्यावर लंडनची नवी मंडळी आली, ज्यांनी केरीला कधी बघितलं नव्हतं, आणि त्यांनी विचारायला सुरुवात केली की बंगालमध्ये केरीने जिथे काम उभं केलं त्या सेरामपूरची इमारत, छापखाना, जमीन, हे सगळं कोणाच्या नावावर आहे? आता सेरामपूरला पैसा कुठून यायचा ते बघा. केरी आधी निळीच्या कारखान्यावर मॅनेजर होता, १८०१ पासून फोर्ट विल्यम कॉलेजात शिकवून पगार मिळवत होता, त्याचे सहकारी मार्शमन नवराबायको शाळा चालवत होते, दुसरा सहकारी वॉर्ड छापखाना बघत होता, आणि हे सगळे आपली कमाई एकत्र टाकून त्यातून मिशन चालवायचे. म्हणजे कमिटीच्या पैशावर चालत नसलेल्या कामाचे कागद कमिटी मागत होती. भांडण इतकं वाढलं की १८२७ ला सेरामपूर आणि सोसायटी वेगळे झाले. परत जुळले ते १८३७ ला, तोवर केरी आणि वॉर्ड दोघंही गेले होते. सोसायटी या काळात वाढतच होती बरं का, जमेकाचं काम जोरात होतं, वर्गणी वाढत होती. अहवाल वाचणाऱ्याला वाटलं असतं सगळं छान चाललंय.

आणखी एक माणूस अहवालात सहसा नसतो. केरीची बायको डोरोथी. तिला जायचंच नव्हतं, आधी नाही म्हणाली, तान्हं मूल होतं, शेवटी बहीण बरोबर येते म्हणाली तेव्हा तयार झाली. १७९४ ला बंगालमधल्या मुदनाबाटीत त्यांचा पाच वर्षांचा मुलगा पीटर आमांशाने गेला आणि त्यानंतर तिचं मन जे बिघडलं ते १८०७ ला ती मरेपर्यंत ठीक झालं नाही. केरीच्या चिकाटीच्या गोष्टी आपण भरपूर ऐकतो, भाषांतरं, व्याकरणं, सतीविरुद्धचा लढा, मराठी व्याकरण १८०५ चं, सगळं खरं आणि मोठं आहे. पण पलीकडच्या खोलीत बारा-तेरा वर्षं काय चाललं होतं याची जबाबदारी कोणाची? इंग्लंडहून पत्र यायला सहा-सहा महिने लागायचे, त्यामुळे त्या काळच्या लोकांना फार दोष देता येत नाही. आज पत्र सेकंदात पोचतं, आज हा बहाणा नाही.

हडसन टेलर या इंग्रज मिशनरीने यातला एक प्रश्न बरोबर पकडला असं मला वाटतं. १८६५ ला त्याने चायना इनलँड मिशन काढलं, बँकेत १० पौंड टाकून, आणि नियम केला की कामाचे निर्णय चीनमध्ये घ्यायचे, लंडनच्या कमिटीने मिशनरींना हुकूम सोडायचे नाहीत. शिवाय ठरलेला पगार नाही, कर्ज काढायचं नाही, लोकांकडे पैसे मागायचे नाहीत, देवाकडे मागायचे. (मागायचे नाहीत, पण दर महिन्याला छापील मासिक काढून चीनमध्ये किती कोटी लोक सुवार्तेवाचून मरतायत ते सांगायचं, आता याला मागणं म्हणायचं की नाही ते तुम्ही ठरवा.) ही संस्था वाढली म्हणजे अफाट वाढली, १८८७ या एका वर्षात शंभर नवे मिशनरी पाठवायचे ठरवलं आणि पाठवले, १८९५ पर्यंत सहाशेच्या वर झाले. १९०० मध्ये चीनमध्ये परदेशी लोकांविरुद्ध झालेल्या बॉक्सर उठावात याच मिशनची ५८ मोठी माणसं आणि २१ मुलं मारली गेली. चिनी सरकारकडून इतर अनेक जण नुकसानभरपाई वसूल करत होते तेव्हा टेलरने एक पैसाही घेतला नाही. त्याची श्रद्धा पटो न पटो, ज्या लोकांत राहायचंय त्यांच्याकडून सैन्याच्या जोरावर पैसे काढायचे नाहीत हे त्याला कळलं होतं. त्या क्षणी तो देणगीदारांना नव्हे, चिनी लोकांना उत्तर देत होता.

आता आजचा पैसा कसा चालतो ते बघू, कारण सगळी गोम तिथे आहे. बहुतेक संस्थांमध्ये मिशनरीने स्वतःचा सपोर्ट स्वतः उभा करायचा असतो. म्हणजे मंडळ्यामंडळ्यांतून फिरायचं, आपलं आवाहन सांगायचं, फोटो दाखवायचे, कोणी महिन्याला थोडे देतो म्हणतं, कोणी जास्त, असे पन्नास-साठ देणारे जमले आणि संस्थेने ठरवलेली रक्कम भरली की मग जायचं. तीन-चार वर्षांनी परत यायचं, फर्लो म्हणायचं त्याला, पण सुट्टी कसली, पुन्हा तेच फिरणं, गळालेल्या देणगीदारांच्या जागी नवे शोधणं. या पद्धतीचे फायदे आहेत, देणाऱ्याला माणूस माहीत असतो, त्याच्यासाठी प्रार्थना होते, संस्थेला फुकट पगार देत बसावा लागत नाही. पण मिशनरी कोणाचा नोकर होतो हे बघा ना. पन्नास मालक, आणि एकही मालक त्या देशात राहत नाही.

मग प्रार्थनापत्रं कशी लिहिली जातात? अशी शेकडो पत्रं मी वाचलीत. त्यात पाऊस पडलेला असतो, गाडी बिघडलेली असते, मुलाचा दात पडलेला असतो आणि शेवटी कोणीतरी आजीबाई सभेला आल्या आणि रडल्या. या वर्षी काहीच झालं नाही, मला इथे एकटं वाटतं, माझं आणि माझ्या सहकाऱ्याचं पटत नाही, इथल्या पाळकाला मी नको झालोय, असं लिहिलेलं पत्र मला अजून आलेलं नाही. ही माणसं खोटारडी नाहीत, त्यांचं घरभाडं त्या पत्रावर अवलंबून आहे. १९९० च्या दशकात वर्ल्ड इव्हँजेलिकल फेलोशिपच्या मिशन कमिशनने अनेक देशांत पाहणी केली तेव्हा दिसलं की दरवर्षी शंभरातले साधारण पाच मिशनरी काम सोडतात, आणि त्यातल्या बऱ्याच जणांची कारणं टाळता आली असती. शंभरात पाच म्हणजे कमी वाटतं, पण दहा वर्षं असंच चाललं तर काय होईल ते करा गणित. आणि सोडून आलेल्याला आपल्या मंडळीत अपयशी समजतात तो भाग वेगळाच, तो स्टेजवर बोलायला गेलेला असतो तेव्हा हिरो आणि परत आला की लोक विचारतात, मग आता काय करणार?

मुलांचं तर विचारू नका. विसाव्या शतकाच्या मधल्या काळात अनेक संस्थांचा नियमच होता की सहा-सात वर्षांचं मूल झालं की त्याला मिशनच्या बोर्डिंगला टाकायचं, म्हणजे आईबाप मोकळे होऊन काम करतील. पश्चिम आफ्रिकेतल्या गिनीमध्ये मामू नावाच्या गावी ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सची अशी शाळा होती, ती १९७१ पर्यंत चालली. तिथे मुलांवर काय काय अत्याचार झाले ते स्वतंत्र चौकशी समितीच्या अहवालातून बाहेर आलं ते १९९८ मध्ये, म्हणजे शाळा बंद होऊन पाव शतक उलटल्यावर, आणि तेही त्या मुलांनी मोठं झाल्यावर पाठपुरावा केला म्हणून. सहा वर्षांच्या पोराने तक्रार करायची कोणाकडे? आईबाप शेकडो मैल लांब, शाळेतली मोठी माणसं संस्थेची, संस्थेचं ऑफिस समुद्रापलीकडे, आणि ऑफिसचे कान देणगीदारांकडे. याच काळात ती संस्था वाढत होती, आणि वाढ चालू राहावी म्हणून तर मुलं बोर्डिंगला होती.

दुसरी बाजू, ज्यांच्यात काम करायचं ते लोक. इथे गंमत अशी की हा प्रश्न एकोणिसाव्या शतकातच दोन मिशन सेक्रेटरींनी सोडवून ठेवला होता. लंडनच्या चर्च मिशनरी सोसायटीचा हेन्री वेन आणि बोस्टनच्या अमेरिकन बोर्डाचा रुफस अँडरसन. दोघंही एकमेकांपासून लांब, पण एकाच निष्कर्षावर आले की स्थानिक मंडळीने स्वतःचा खर्च स्वतः करावा, स्वतःचा कारभार स्वतः करावा, स्वतःचा प्रसार स्वतः करावा आणि मिशनने तिथून शांतपणे मरून जावं. वेन तर मिशनच्या सुखमरणाबद्दल चक्क त्याच शब्दांत बोलायचा. अँडरसन १८५४-५५ मध्ये हिंदुस्थानात येऊन गेला, अमेरिकन मराठी मिशनचं काम बघितलं आणि इंग्रजी शाळांवरचा जोर कमी करून मराठीतून शिक्षण आणि गावोगावच्या मंडळ्यांना स्वतःचे पाळक यावर भर द्यायला लावला. इथल्या मिशनरींना ते आवडलं नाही, इथल्या काही लोकांनाही इंग्रजी शाळा हवी होती, तेव्हा हा माणूस देवदूत होता असं मी म्हणत नाही. पण बोस्टनमध्ये बसलेला सेक्रेटरी म्हणतोय की आमचं यश म्हणजे आमची गरज संपणं! आजच्या कुठल्या मिशन ऑफिसात हे वाक्य भिंतीवर लावतील?

वेनने हे नुसतं लिहिलं नाही, करायला घेतलं. गुलामांच्या जहाजातून सोडवलेला योरुबा मुलगा सॅम्युअल अजायी क्राउथर, त्याला १८६४ मध्ये नायजर भागाचा बिशप केलं, अँग्लिकन चर्चचा पहिला आफ्रिकन बिशप. मिशन पूर्णपणे आफ्रिकन लोकांच्या हाती. मग वेन गेला, इंग्लंडमध्ये मिशनचा उत्साह वाढला, केंब्रिजमधून शिकलेले उत्साही तरुण मिशनरी भराभर भरती होऊ लागले, म्हणजे संस्था जोरात वाढली, आणि त्यातलेच काही विशी-तिशीतले पोरगे नायजरला गेले आणि त्यांनी ऐंशीच्या घरातल्या बिशपसमोर त्याच्या माणसांना नालायक ठरवून कामावरून काढलं. १८९० ला क्राउथरने नायजर मिशनच्या कमिटीचा राजीनामा दिला, पुढच्या वर्षी ३१ डिसेंबरला तो वारला आणि त्याच्या जागी युरोपियन बिशप आला. त्याच्या कारभारात चुका नव्हत्या असं नाही, काही माणसं खरंच वाईट होती. पण हे बघा की वाढीनेच वेनची योजना मारली. भरती झालेल्या माणसांना जागा पाहिजे होती, आणि देणगीदारांना आपली माणसं फील्डवर दिसायला हवी होती.

नंतर हे सारखं होत राहिलं. १९१० ला एडिंबराच्या मोठ्या मिशनरी परिषदेत बाराशेच्या आसपास प्रतिनिधी होते, आशिया-आफ्रिकेतले त्यात हातावर मोजण्याइतके. त्यात तमिळ ख्रिस्ती व्ही. एस. अझरायाह उभा राहिला आणि म्हणाला की तुम्ही गरिबांना खायला दिलंत, जीव दिलात, आता आम्हाला प्रेम द्या, आम्हाला मित्र द्या. काही लोक फार चिडले म्हणतात. हाच अझरायाह १९०३ ला तिरुनेलवेलीत आणि १९०५ ला सेरामपूरला भारतीय पैशावर, भारतीय माणसांच्या मिशनरी संस्था उभ्या करण्यात पुढे होता, म्हणजे नुसती तक्रार करणारा नव्हता. १९१७ ला नारायण वामन टिळकांनी अमेरिकन मराठी मिशनची पगारी नोकरी सोडून देवाचा दरबार नावाचा स्वतःचा भक्तसंघ काढला. आणि १९७१ मध्ये केनियाचा चर्चनेता जॉन गाटू याने सरळच सांगितलं की पाच वर्षं मिशनरी आणि पैसा दोन्ही थांबवा, आम्हाला आमच्या पायावर उभं राहून बघू द्या. १९७४ ला झांबियातल्या लुसाकाच्या परिषदेत आफ्रिकन चर्चनेत्यांनी ही मागणी उचलून धरली. काय झालं? काही नाही. पाठवणाऱ्या देशांतल्या मंडळ्यांना ती उद्धट वाटली आणि ज्या चर्चना पैशाची खरी गरज होती त्याही मागे सरल्या. देणाऱ्याने ऐकलं तर ऐकलं, नाहीतर नाही, ज्याच्या हातात पैसा तोच ठरवणार.

इथे लगेच कोणीतरी म्हणेल की मग परदेशी माणूस पाठवूच नका, त्याच्या खर्चात स्थानिक दहा प्रचारक पोसा. हे ऐकायला फार छान वाटतं आणि हेच सांगून मोठ्या झालेल्या संस्था आहेत. गॉस्पेल फॉर एशिया त्यातली सगळ्यात गाजलेली, महिन्याला थोडे डॉलर द्या आणि एक स्थानिक मिशनरी पोसा. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या ईसीएफए या ख्रिस्ती संस्थांच्या आर्थिक शिस्तीच्या संघटनेने त्यांचं सभासदत्व काढून घेतलं आणि २०१९ ला देणगीदारांनी लावलेल्या खटल्यात ३ कोटी ७० लाख डॉलर देऊन तडजोड झाली, संस्थेने चूक कबूल केली नाही ती केली नाहीच. पण लक्षात घ्या, कोर्टात कोण गेलं, देणगीदार. पैसे परत कोणाला मिळाले, देणगीदारांना. ज्याच्या नावाने पैसे गोळा झाले त्या प्रचारकाला आपल्या नावावर किती जमले हे विचारायचा रस्ताच या प्रकारात नसतो. माणसाचा रंग बदलला तरी पैशाची दिशा तीच राहते आणि म्हणून मला हा उपाय अर्धाच वाटतो, कधीकधी तर जास्त धोकादायक, कारण परदेशी मिशनरीकडे निदान परतीचं तिकीट असतं.

नवे पाठवणारे देश आले म्हणून हे सुटेल असंही दिसत नाही. कोरियाच्या मंडळ्यांनी जगभर माणसं पाठवली, हजारोंनी, अभिमानाने, अमेरिकेच्या खालोखाल आपला नंबर असं सांगत. २००७ मध्ये सोलजवळच्या एका मंडळीचा २३ जणांचा गट अफगाणिस्तानात तालिबानच्या हाती लागला, त्यातले दोघं मारले गेले, बाकीचे सुटायला दीड महिना लागला आणि कोरियाच्या सरकारला तिथल्या मिशनरी कामावर बंदी घालायचं कबूल करावं लागलं. त्या तरुणांच्या हेतूबद्दल मी काही बोलणार नाही. पण तिथे आधीपासून वर्षानुवर्षं गपचूप राहणाऱ्या परदेशी आणि स्थानिक विश्वासणाऱ्यांचं पुढे काय होणार, हे थोड्या दिवसांच्या टीमा पाठवणाऱ्या कुठल्याही मंडळीने निघायच्या आधी तिथल्या माणसांना विचारायला पाहिजे. यापेक्षा मला तमिळनाडूतली १९५९ ची फ्रेंड्स मिशनरी प्रेयर बँड बरी वाटते, लहानलहान प्रार्थनागट, प्रत्येक गट एखाद्या मिशनरीला धरून, पैसा इथलाच. ती परदेशात नाही जात, दुसऱ्या राज्यात जाते, पण भाषा आणि माणसं परकीच असतात. अर्थात वाढ झाली की तिथेही हेच प्रश्न येणार, त्यातून कोणी सुटलेलं नाही.

आता सगळ्यात जड आक्षेप. मिशन संस्था वाढल्या नसत्या तर शाळा कुठून आल्या असत्या, दवाखाने कुठून आले असते? सिंथिया फरार ही अविवाहित बाई १८२७ ला अमेरिकन बोर्डाने पाठवली, तिने पुढे अहमदनगरला मुलींची शाळा चालवली, तीच शाळा बघून जोतिबा प्रभावित झाले आणि सावित्रीबाईंनी तिच्याकडे शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं. कुठल्या तरी न्यू इंग्लंडच्या खेड्यातल्या बाईने टाकलेल्या नाण्याचा त्यात वाटा आहे. हे मी शंभर टक्के मान्य करतो, आणि म्हणूनच वाढ नको असं मी म्हणतच नाहीये. पण त्या शाळेचं पुढे जे झालं ते इथल्या माणसांनी ती कल्पना उचलून आपली केली म्हणून झालं. फुल्यांनी बोस्टनची परवानगी मागितली नाही. फरारबाईचं सगळ्यात मोठं काम तिच्या संस्थेच्या हिशेबाच्या वहीबाहेर घडलं.

चीनकडेही बघा. १९५१ च्या आसपास चायना इनलँड मिशनला चीन सोडावा लागला, शेवटची माणसं १९५३ ला बाहेर पडली. शहाण्या लोकांना वाटलं संपलं सगळं. तेव्हा चीनमध्ये प्रोटेस्टंट दहा लाखांच्या आत होते. २०१८ मध्ये खुद्द चिनी सरकारच्या श्वेतपत्रिकेत ते ३ कोटी ८० लाखांहून जास्त आहेत असं लिहिलंय, आणि सरकार हा आकडा फुगवून सांगेल असं तर नाही. यावरून मिशनरी गेले म्हणून मंडळी वाढली असं मी म्हणणार नाही, इतिहास इतका सरळ नसतो, आणि पेरलं कोणी तेही विसरू नये. एवढंच दिसतं की संस्था गेली म्हणून काम मेलं नाही. संस्था तरी कुठे मेली म्हणा, ती थायलंड, मलाया, फिलिपिन्स, जपानला गेली आणि १९६४ ला नाव बदलून ओव्हरसीज मिशनरी फेलोशिप (ओएमएफ) झाली.

मग मला हवंय तरी काय? मला हवंय की जी संस्था एखाद्या देशात माणसं ठेवते तिच्या बोर्डावर त्या देशातले लोक असावेत, फोटोपुरते नव्हेत, नाही म्हणायचा अधिकार असलेले. वार्षिक अहवालात एक पान त्यांनी लिहावं, त्यांच्या भाषेत, आणि ते संस्थेने न कापता छापावं. पाठवलेल्या माणसाला परत आणायचा, त्याच्या उपचाराचा, मुलांच्या शिक्षणाचा आणि म्हातारपणाचा पैसा आधी बाजूला काढल्याशिवाय नवा माणूस पाठवू नये, मग संख्या कमी झाली तरी चालेल. मिशनरीला पत्राशिवाय दुसरीकडे कुठेतरी खरं बोलता यावं, अशा माणसाकडे ज्याच्या हातात त्याचा पगार नाही. आणि प्रत्येक ठिकाणी जाताना सांगावं की आम्ही साधारण कधी निघणार. शेवटचा मुद्दा ऐकला की संस्थेतले लोक हसतात, म्हणतात संपणाऱ्या कामाला कोण पैसे देतं हो, लोकांना चालू काम आवडतं, इमारत आवडते, वाढता आकडा आवडतो.

पण देतात लोक. पंडिता रमाबाई अमेरिकेत फिरत होत्या तेव्हा १८८७ मध्ये बोस्टनला रमाबाई असोसिएशन निघाली, ती ठरवून दहा वर्षांसाठी, दहा वर्षं आम्ही खर्च देऊ म्हणून. जागोजागी तिच्या शाखा निघाल्या, साध्या साध्या बायकांनी वर्गणी दिली, १८८९ ला शारदा सदन उभं राहिलं. भांडणंही झाली, १८९३ ला पुण्याच्या सल्लागार मंडळातून रानडे-भांडारकरांसारखी माणसं बाहेर पडली कारण मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसत होत्या, तेव्हा बोस्टनहून माणूस येऊन चौकशी करून गेला, आणि असोसिएशन बाईंच्या पाठीशी राहिली. कारभार इथल्या बाईच्या हातात, पैसा तिकडचा, आणि मुदत आधीच ठरलेली. १८९८ मध्ये मुदत संपल्यावर रमाबाई पुन्हा अमेरिकेला गेल्या, सगळा हिशेब समोर ठेवला, जुनी असोसिएशन रीतसर बंद झाली आणि ज्यांना पुढे मदत करायची होती त्यांनी नवी काढली.